फिरत्या घराची मैल्याची टाकी : शेतावर तिची सुरक्षित व्यवस्था

ठाणे शहरातील नौपाडा ही रेल्वे स्थानकालगतची जुनी वस्ती. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या यांतून एके काळी कौलारू घरे व चाळी उभ्या होत्या. पुढे त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. घराची दर्शनी बाजू बदलली, तरी मागील बाजूस जमिनीखाली बांधलेली मैल्याची टाकी अनेक ठिकाणी तशीच राहिली. शहरात भुयारी गटारांची योजना टप्प्याटप्प्याने आली. काही इमारती गटाराला जोडल्या गेल्या, काहींच्या टाक्या आजही चालू आहेत. झाकणावर कुंड्या मांडल्या जातात, मुले तेथेच खेळतात, आणि आपल्या पायाखाली काय साठत आहे याचा विचार टाकी तुंबेपर्यंत कोणाच्याही मनात येत नाही.

याच वस्तीतील एखादे कुटुंब आज सुटीच्या दिवसांत फिरते घर भाड्याने घेऊन कल्याण, मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघते. निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेल्या या मोटारीला कोणी कॅम्पर म्हणतात, कोणी कॅरव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे व २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून अशा गाड्या शेतावर मुक्कामास येऊ लागल्या आहेत. पाहुणा येतो तो आपल्या घराची टाकी चाकांवर घेऊनच येतो. ती कोठे, कशी रिकामी करावयाची, हा प्रश्न मग पाहुण्याचा राहत नाही, तो शेतकऱ्याचा होतो. व्यवस्था नसेल तर गाडीची झडप रात्री ओढ्याकाठी उघडली जाते. त्याच ओढ्याच्या काठी गावाची विहीर असते.

टाकीत काय घडते

मैल्याची टाकी, म्हणजे ज्याला सर्वत्र सेप्टिक टँक म्हणतात ती, केवळ साठवणीचे भांडे नव्हे. तिच्यात मैलापाणी निदान एक दिवस संथ राहिले, तर जड पदार्थ तळाशी बसून त्यांचा गाळ होतो, तेलकट पदार्थ वर तरंगून त्यांची साय धरते, आणि मधले पाणी त्यामानाने निवळ होऊन पुढच्या नळाने बाहेर पडते. हवेवाचून जगणारे जीवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवितात. या कुजण्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. बाहेर पडणारे पाणी दिसावयास निवळ असले तरी ते शुद्ध नसते. त्यात रोगजंतू व जंतांची अंडी असतात. म्हणून ते उघड्या गटारात वा खाचरात न सोडता शोषखड्ड्यात जिरविले पाहिजे.

ज्या गृहस्थाला ही क्रिया समजली त्याला पुढचे सर्व नियम आपोआप समजतात. पाणी संथ राहिले पाहिजे, म्हणून एकदम मोठा लोंढा टाकीत सोडू नये. जीवाणू जगले पाहिजेत, म्हणून जंतुनाशक औषधे तीत ओतू नयेत. वायू बाहेर गेला पाहिजे, म्हणून वायुनलिका बंद करू नये. गाळ वाढतच असतो, म्हणून दोन ते तीन वर्षांनी तो यंत्राने उपसून घ्यावा.

गाडीतील दोन टाक्या

फिरत्या घराच्या पोटाशी बहुधा दोन टाक्या असतात. एकीत शौचकूपाचे मैलापाणी जाते, दुसरीत मोरीचे व भांडी घासण्याचे सांडपाणी. गाडीच्या आकाराप्रमाणे त्यांत चाळीस-पन्नास लिटरपासून दीडशे लिटरपर्यंत पाणी मावते. लहान गाड्यांत मैल्यासाठी बाहेरून ओढून काढता येणारी पंधरा-वीस लिटरांची पेटी असते. या टाक्यांत सेप्टिक टँकप्रमाणे कुजण्याची क्रिया पुरी होत नाही. त्यांतील मैला दोन-तीन दिवसांचा, म्हणजे ताजाच असतो. तेव्हा गाडीतून निघालेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतण्याजोगे असते हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

रेल्वेची गोष्ट याहून निराळी. आगगाडीच्या डब्यांतील मैला पूर्वी सरळ रुळांवर पडत असे. गेल्या दशकात संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या साहाय्याने डब्यांखाली जैविक टाक्या बसविण्यात आल्या आणि त्यांत मैला कुजविणारे जीवाणू मुद्दाम सोडण्यात आले. सर्वसाधारण फिरत्या घरात अशी योजना नसते. त्यात फक्त साठवण असते, आणि साठविलेले कोठेतरी योग्य जागी पोहोचवावेच लागते.

गाडीची टाकी वापरताना एक चूक वारंवार होते. मुक्कामी पोहोचताच नळी जोडून झडप उघडी ठेवली जाते, म्हणजे सारखे रिकामे करण्याचा त्रास नको. परंतु असे केल्याने पाणी तेवढे निघून जाते आणि घट्ट मैला तळाशी राहून वाळत जातो. दोन दिवसांत त्याचा ढीग होऊन टाकी चोंदते. याकरिता झडप बंदच ठेवावी आणि टाकी सुमारे दोन तृतीयांश भरल्यावर एकदम उघडावी, म्हणजे पाण्याच्या जोराबरोबर सर्व घाण वाहून जाते. शौचकूपात पाणी हात आखडून वापरू नये. पाण्याची काटकसर इतरत्र करावी. लहान मुलांचे लंगोट, जाड कागद, कापडाचे बोळे व पुसणी यांपैकी काहीही आत टाकू नये.

निळ्या औषधाचा धोका

दुर्गंधी मारण्यासाठी अशा टाक्यांत एक निळे औषध घालण्याची पद्धत आहे. त्यांतील काही औषधांत फॉर्मल्डिहाइड असते. प्रयोगशाळेत प्राण्यांचे अवयव टिकविण्यासाठी जे द्रव्य वापरतात तेच हे. जे कुजू देत नाही ते कुजविणाऱ्या टाकीत गेले तर काय होईल हे सांगावयास नको. शेतावरील सेप्टिक टँकमधील व विशेषतः गोबर गॅस संयंत्रातील जीवाणू त्याने मरतात आणि गॅसची निर्मिती मंदावते. यास्तव पाहुणा येण्यापूर्वीच त्याला याची कल्पना द्यावी, आणि असे औषध घातलेली टाकी शेतावर रिकामी करू देऊ नये. तिची जागा शहराच्या मलशुद्धीकरण केंद्रात आहे. औषध हवेच असेल तर जीवाणूंना अपाय न करणारे वापरावे. झडप घट्ट बसत असेल, शौचकूपाच्या तळाशी थोडे पाणी राहत असेल आणि वायुनलिका मोकळी असेल, तर बहुतेक वेळा औषधाची गरजच भासत नाही.

शेतावरील रिकामे करण्याची जागा

कृषी पर्यटन केंद्र चालविणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहुण्यांसाठी सेप्टिक टँक असतोच, किंवा असावयास हवा. वीस माणसांच्या वापरासाठी दोन वर्षांनी गाळ उपसावयाच्या हिशेबाने २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद व पाण्याची खोली १.३ मीटर असा टँक भारतीय मानकाप्रमाणे पुरेसा धरला जातो. पाण्यावर आणखी सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. अशा टँकात सुमारे ३,३०० लिटर पाणी राहते. एका गाडीचे शंभर लिटर मैलापाणी त्यात सहज सामावते. परंतु चार गाड्या एकाच सकाळी आल्या आणि प्रत्येकीने मैलापाणी व सांडपाणी मिळून अडीचशे लिटर सोडले, तर हजार लिटरांचा लोंढा टँकात शिरून तळाचा गाळ ढवळला जाईल व तो शोषखड्ड्यात जाऊन खड्डा कायमचा बुजेल. म्हणून गाड्यांना निरनिराळ्या वेळा नेमून द्याव्यात आणि सांडपाण्याची वाट वेगळी करावी.

सांडपाण्याची ही वेगळी वाट कोकणातील घराघरांना ठाऊक आहे. मोरीच्या पाण्यावर अळू, केळी व नारळ वाढविण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गाडीचे सांडपाणी प्रथम तेल व अन्नकण अडविणाऱ्या लहान हौदातून न्यावे आणि मग शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. या पाण्यात साबणाचा अंश असतो. त्यामुळे ते एकाच आळ्यात रोज न सोडता आलटून पालटून द्यावे. कच्ची खावयाची भाजी त्यावर करू नये. अळू नेहमीप्रमाणे शिजवूनच खावे.

मैलापाण्याच्या जागेची रचना पुढीलप्रमाणे असावी. गाडी सहज उभी राहील अशा ठिकाणी सिमेंटचा एक ओटा जमिनीलगत बांधावा आणि त्याला चारी बाजूंनी मध्याकडे उतार द्यावा. मध्ये शंभर मिलिमीटर व्यासाचा नळ बसवून त्यावर घट्ट झाकण ठेवावे. या नळाला जलबंध असावा, म्हणजे टँकातील वायू उलट वर येत नाही. ओट्यापासून टँकापर्यंत नळाला दर चाळीस फुटांस सुमारे एक फूट उतार असावा. उतार कमी झाल्यास घाण मध्येच थांबते. ओट्याभोवती लहानसा बांध घालावा, नाही तर पावसाचे पाणी टँकात जाऊन पावसाळ्यात तो ओसंडू लागतो. ओटा धुण्यासाठी जवळ नळ ठेवावा. मात्र त्या नळाची रबरी नळी पिण्याचे पाणी भरण्यास कधीही वापरू नये. दोन्ही नळ्यांचे रंग वेगळे ठेवावेत आणि पिण्याच्या पाण्याचा नळ शक्य तितका दूर असावा.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर व राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा. हे अंतर किमान होय. ठाणे जिल्ह्यातील भाताच्या पट्ट्यात पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते आणि शोषखड्डा पाणी शोषण्याऐवजी स्वतःच भरतो. दक्षिण कोकणातील जांभ्या दगडाच्या भेगांतून घाण पाणी न गाळता दूरवर जाते. देशावरील भारी काळ्या जमिनीत पाणी जिरतच नाही. म्हणून जागा निवडताना विहिरीच्या वरच्या अंगाची जागा टाळावी, उंच वरकस जमीन निवडावी, आणि आधी खड्डा खणून त्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे पाहावे. पावसाळ्यात पाणी जिरत नसेल तर त्या महिन्यांत गाड्यांच्या टाक्या शेतावर रिकाम्या करणे बंद ठेवावे.

रिकामी करण्याची रीत

(१) हातमोजे व बंद बूट घातल्यावाचून नळीला हात लावू नये. त्या वेळी खाणे, पिणे व धूम्रपान वर्ज्य करावे.

(२) गाडी सपाट जागी उभी करावी. नळी प्रथम ओट्यावरील नळात पक्की बसवावी, मग गाडीला जोडावी. नळी मध्ये लोंबकळू देऊ नये.

(३) मैलापाण्याची झडप प्रथम उघडावी. टाकी रिकामी होऊन प्रवाह थांबला की ती बंद करावी.

(४) त्यानंतर बादलीभर पाणी शौचकूपातून सोडून टाकी पुन्हा एकदा धुवावी.

(५) सांडपाण्याची काही बादल्या त्याच नळीतून सोडल्यास नळी आतून धुतली जाते. उरलेले सांडपाणी त्याच्या वेगळ्या वाटेने सोडावे.

(६) नळी काढताना गाडीकडील टोक आधी सोडून ते उंच धरावे, म्हणजे नळीत राहिलेले पाणी ओट्यात जाते.

(७) नळावर झाकण बसवावे, ओटा धुवावा आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. टाकीत थोडे स्वच्छ पाणी सोडूनच गाडी पुढे न्यावी.

गाळ आणि सोनखत

मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीत सोनखत म्हणतात, यातच त्याची किंमत आली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले आप्पा पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी कणकवली येथे १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचे खत करणाऱ्या साध्या, स्वस्त संडासाचा प्रसार केला. मैला वाहण्याचे काम एका जातीच्या माथी मारले जाते ते थांबवावयाचे, तर मैला वाहावाच लागणार नाही अशी रचना हवी, हा विचार त्यामागे होता. आज शासनाने पुरस्कारलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयातही हेच तत्त्व दिसते. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. बंद खड्ड्यातील मैला निदान एक वर्ष, आणि शक्य तर दोन वर्षे, विसावला की त्याची मातीसारखी भुसभुशीत व वासरहित पूड होते. जंतांची अंडी चिवट असतात. हा काळ ती मरण्यासाठीच द्यावा लागतो. घाई करून सहा महिन्यांत खड्डा उकरला, तर सोनखत शेतात जाते तसेच जंत घरात येतात.

सेप्टिक टँकचा गाळ मात्र असा विसावलेला नसतो. तळाशी जुना गाळ असला तरी वर कालचा ताजा मैला मिसळलेला असतो. तो टँकरने उपसून सरळ खाचरात पसरणे धोक्याचे आहे. टँकर मलशुद्धीकरण केंद्राकडे नेला जातो याची खात्री करून घ्यावी. ठाण्यात कोपरी येथे असे केंद्र आहे. ओढ्यात गाळ सोडणारा टँकर कमी पैशांत मिळाला तरी तो स्वस्त नव्हे. गावाच्या आजारपणात त्याची भरपाई होते. आपल्या दोन खड्ड्यांतील पुरते मुरलेले सोनखत आंबा, नारळ, बांबू यांच्या आळ्यांत मातीखाली द्यावे. कच्च्या खाण्याच्या कोणत्याही भाजीला ते देऊ नये.

टाकीत माणूस उतरवू नये

या लेखातील सर्व सूचना एका बाजूस आणि ही सूचना एका बाजूस ठेवली, तरी हिचेच पारडे जड होईल. मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या मलशुद्धीकरण टाकीत तीन सफाई कामगारांचा मृत्यू झाला. मार्च २०२२ मध्ये खुद्द नौपाड्यात एका गृहनिर्माण संस्थेची मैल्याची टाकी साफ करताना दोन तरुण कामगार गुदमरून मरण पावले. गजबजलेल्या वस्तीत, दिवसाउजेडी, मदतीच्या हाकेच्या अंतरावर हे घडले. मग दोन मैलांवर डॉक्टर नसलेल्या शेतावर काय होईल?

विहीर उपसण्यापूर्वी कंदील आत सोडून पाहण्याची जुनी रीत शेतकऱ्यांना माहीत आहे. कंदील विझला तर आत उतरावयाचे नाही. मैल्याच्या टाकीला ही परीक्षा लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. टाकीतील मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळलेला असला, तर ज्योत लागताच त्याचा स्फोट होतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइडचे प्राणघातक प्रमाण असतानाही कंदील जळत राहू शकतो. या वायूला नासक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्तपणे उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. बुडणाऱ्याला वाचविण्याची माणसाची उपजत ओढच येथे घात करते. कोणी पडलाच तर आत उतरू नये. तत्काळ अग्निशमन दलाला बोलवावे, झाकणे उघडावीत, आणि बाहेरून हवा आत सोडता येत असेल तर सोडावी.

कायदाही याविषयी स्पष्ट आहे. २०१३ च्या केंद्रीय कायद्यान्वये सुरक्षिततेच्या साधनांवाचून सेप्टिक टँक वा गटार साफ करण्यास कोणालाही लावणे हा गुन्हा असून, पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा नियम नगरपालिकेला लागू आहे तसाच गृहनिर्माण संस्थेला आणि शेताच्या मालकालाही लागू आहे. गटारातील मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. टाकी उपसण्याच्या यंत्राचे भाडे याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि गेलेला माणूस तर कोणत्याच रकमेने परत येत नाही. यंत्राने टाकी उपसून घेण्यासाठी १४४२० हा साहाय्य क्रमांक आहे.

वापरातून गेलेली टाकी

इमारत भुयारी गटाराला जोडली गेली की जुनी टाकी विसरली जाते. नौपाड्यासारख्या वस्तीत हा धोका नित्याचा आहे आणि खेड्यातही तो येऊ घातला आहे. जोडणी करताना घरातील नळ व रस्त्यावरील गटार यांच्यामध्ये तपासणीची कुंडी व जलबंध ठेवावा. मग जुनी टाकी यंत्राने उपसून, तिच्या तळाला पाणी जिरण्याजोगी भोके यंत्रानेच बाहेरून पाडून घ्यावीत आणि ती मुरूम अथवा वाळूने काठोकाठ भरावी. नुसते झाकण लावून ठेवलेली पोकळ टाकी काही वर्षांनी झाकणाची सळई गंजल्यावर लहान मुलाच्या वा गुराच्या वजनाने खचते.

पाहुण्याचे पाय धुण्यास पाणी देण्याची आपल्याकडे रीत आहे. आता पाहुणा घरच सोबत घेऊन येत असेल, तर त्या घराची घाण नेमक्या जागी नेण्याची सोय करणे हाही आतिथ्याचाच भाग होय. एक ओटा, एक उताराचा नळ, विहिरीपासून राखलेले अंतर आणि टाकीत माणूस न उतरविण्याचा निश्चय, एवढ्या भांडवलावर ही सोय उभी राहते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, विहिरीचे पाणी खाली गेलेले असताना, शेतकऱ्यांनी आपल्या शेतावरील टाकी, शोषखड्डा व विहीर यांमधील अंतर एकदा टेप धरून मोजावे आणि मगच पहिल्या गाडीला फाटक उघडावे.